सातव्या डबीखालचं पाणी

पौषाचा वारा सुटला की संत्र्याच्या पानाचा आवाज बदलतो. पावसाळ्यात पान पानाला घासलं तर कळतही नाही. पण आता बागेतून चाललो की दोन्ही अंगांनी कागद चुरगळल्यासारखं वाजतं. पानाच्या कडा आत वळलेल्या, हिरव्या रंगावर राख पडल्यासारखी. ओल्या मातीच्या वासाचं कौतुक लोक फार करतात. तहानलेल्या काळ्या मातीला वासच नसतो, हे मात्र तिच्यात जन्म काढलेल्यालाच माहीत.

या दिवसांत कुंदाचा फोन येतो. दरसाल येतो. ती कुठून बोलत असेल याचा नेम नाही.

"मामा, पान वाजून रायलं का?"

"वाजून रायलं ना."

"मंग धरा आता दम."

दम धरणं म्हणजे ताण. ज्यांना संत्रं सोलण्यापुरतंच माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. आंबिया बहराच्या आधी दीड-दोन महिने झाडाचं पाणी तोडायचं. थेंब द्यायचा नाही. झाड तहानतं, वाढ थांबवतं, सगळा जीव आत गोळा करतं. मग एके दिवशी दांडाने, म्हणजे पाटाने, पाणी सोडायचं, आणि पंधरा-वीस दिवसांत अख्खी बाग पांढरी होते. त्या फुलाचा वास रिद्धपूरच्या रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून आत शिरतो आणि झोपलेला माणूस उठून बसतो. पण पाणी लवकर सोडलं तर नुसता पाला येतो, आणि उशीर झाला तर झाडाचं सरपण होतं. सगळा खेळ मधल्या चार-सहा दिवसांचा. ते चार-सहा दिवस ओळखायला मी हातभर खोल माती काढायचो, मुठीत आवळायचो. मूठ उघडल्यावर गोळा कसा फुटतो त्यावरून सांगायचो. चौथीपर्यंत शिकलेला मी, पण मातीच्या बाबतीत मी कोणाच्या बापाला विचारायला गेलो नाही.

कुंदा माझ्या बहिणीची मुलगी, बार्शीटाकळीची. तिकडे अकोल्याच्या बाजूला कापूस, इकडे आमच्याकडे संत्रं. दोन्हीकडे तेव्हा एकच वारं वाहत होतं. सकाळी पेपर उघडताना आमचे हात जड व्हायचे, आत्महत्येच्या बातमीत जवळच्या कोणत्या गावाचं नाव असेल म्हणून. माझ्या शिवारात विहिरी आटल्या होत्या आणि लोक स्वतः लावलेली झाडं स्वतः तोडत होते. संत्र्याचं लाकूड पिवळं असतं, कापलं की सालीसारखाच वास येतो. ट्रॅक्टर भरभरून ते विटाभट्टीला जायचं आणि मी तोंड फिरवून उभा राहायचो. माझी तीनशे झाडं उभी होती. विहिरीत दोन परस, दोन माणसं बुडतील एवढं, पाणी होतं. चौकात बसलो की मी छाती काढून सांगायचो, "माह्या बागेत एक नांगा दाखवा, मिशी काढून देतो." नांगा म्हणजे मेलेल्या झाडाची रिकामी जागा. शिवारात दुसऱ्या कोणाला असं म्हणायची सोय उरली नव्हती.

त्या ताणाच्या सुरुवातीला कुंदा एसटीतून उतरली ती दोन पोतड्या घेऊन. आमच्या वऱ्हाडात मामा भाचीच्या पाया पडतो. मी वाकलो तशी ती मागे सरकली.

"राहू द्या ना मामा. मीच तुमच्याकडं मागाले आली."

"काय पाह्यजे?"

"तुमची बाग. पानी सोडेपर्यंत."

अमरावतीला राजापेठेतल्या एका शिकवणीच्या क्लासमध्ये ती गणित शिकवायची आणि तिथल्याच कॉलेजात तिचं मोठं शिक्षण चाललं होतं. पीएचडी. पोतड्यांत बारा डब्या होत्या. जेवणाच्या डब्याएवढ्या, पांढऱ्या, प्रत्येकीला खाली दोन पोलादी दात. तिच्या सरांनी तिला एकच हंगाम दिला होता. डब्यांनी जमिनीची ओल खरी सांगितली तर काम पुढे चालेल. खोटी सांगितली तर डब्या परत, दुसऱ्या विद्यार्थ्याला. "मंग मी हाय, क्लास हाय, आन् सातवीची बेरीज-वजाबाकी हाय," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण पाण्याचा गिलास तिने दोन्ही हातांनी धरला होता.

मला वाटलं होतं डबीला वायर असेल. वायर नव्हती. बांबूच्या काठीवर डबी, दात मातीत, आत पेन्सिलीचे दोन सेल. संपलं.

"आन् हे सांगन कोनाले?"

"शेजारनीले. थे तिच्या शेजारनीले. असं करत करत विहिरीवरच्या मोटारघरात माह्या कॉम्प्युटरपर्यंत."

"कानात सांगते का?"

"कानातच समजा. पंधरा मिंटं झोपते, एक घडी जागी होते, माती चाटते, निरोप देते, पुन्हा झोपते. म्हनून तर दोन सेलवर दोन महिने जगते."

विहीर खोदताना बायका रांगेत उभ्या राहून हातोहात घमेली पुढे देतात, तसं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, रांगेतली एक बाई उठून गेली तर?  कुंदाने पाचवी डबी काठीवरून काढली, बंद केली आणि मला मोटारघरात नेलं. पडद्यावर बारा टिंबं, त्यांच्यामध्ये रेघा. पाचवं टिंब विझलं. पाव तास आम्ही बसलो. मग चौथीची रेघ हलली आणि थेट सहावीला जाऊन चिकटली. कोणी सांगितलं नाही, कोणी उठून गेलं नाही. बाहेर बागेत एक पान पडल्याचाही आवाज नव्हता, आणि त्या शांततेत अकरा जणींनी आपापसात ठरवून नवी वाट काढली होती.  तीस वर्षं मी त्या बागेत राहिलो, आणि तिथे एवढी बोलाचाली होऊ शकते हे मला माहीत नव्हतं.

रहीमभाई बागवान आमची बाग फुलावर, म्हणजे फूल पाहूनच, विकत घ्यायचे. ते आले, काठ्या पाहिल्या आणि टोपी मागे सारली. "क्यूं भाऊ, झाडाइले सलाईन लावली का?"

"नाही चाचा," कुंदा म्हणाली, "कान लावला."

"पूछ मंग त्यायले, यंदा बहर देतं का म्हनून. माह्याशी तं कोनीच खरं बोलत नाही."

आता माझ्या खोटेपणाचं सांगतो.

माझ्या बागेत एक नांगा होता. बांधाकडच्या ओळीत एक झाड डिंक्या रोगाने गेलं होतं आणि त्या जागी मी नवं कलम लावलं होतं. इतरांपेक्षा खूप लहान, ताण सोसायच्या वयाचं नव्हतं. खोडाला बाकीच्यांसारखा बोर्डोचा निळसर लेप फासला की लांबून कळायचं नाही. डब्या लावायच्या दिवशी कुंदाने विचारलं, "मामा, सारे झाडं एकाच वयाचे हायत ना? येगळं असंन तं सांगा, तठी डबी नाही लावत." रहीमभाई बाजूला उभे होते. मी म्हणालो, "एकाच दिशी लावले. नांगा नाही माह्या बागेत." तिने सातवी डबी नेमकी त्याच झाडाखाली रोवली.

महिन्याभरात त्या लेकराने पानं टाकायला सुरुवात केली. मला बघवेना. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी एक बादली घेऊन मी बांधाकडे जायचो, आळ्यात ओतायचो, वरून कोरडी माती ओढून ठेवायचो. कुंदा रविवारी यायची, म्हणून रविवारी जायचो नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही. आमच्या हिला सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं एका चुलीवर जेवलेल्या बाईला बादली कुठे जाते ते कळतं.

दुसऱ्या रविवारी कुंदा मोटारघरातून बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालून. "मामा, सातवी पागल झाली का? अकरा जनी म्हनतात जमीन वायून रायली. हे म्हनते वली हाय. आन् रविवारी हेच म्हनते कोरडी हाय. यंत्राले रविवार कसा समजते?"

"लोडशेडिंगचं काही असंन," मी म्हणालो.

"सेलवर चालते ना ते."

पुढच्या रविवारी तिने दुसरीच गोष्ट काढली. डबीचा निरोप ज्या लाटेवर जातो ती लाट पानातल्या पाण्यात मुरते, म्हणाली. बाग भरली असली की आवाज दबून येतो. ताण बसला, पान वाळलं की तोच आवाज मोकळा होतो. बाकीच्या अकरा डब्यांचा आवाज आठवड्यागणिक मोकळा होत चालला होता. सातवीचा दबलेलाच होता. "खाली माती बी वली म्हनते, वर पान बी भरलं हाय म्हनते. दोनी खोटं, आन् दोनी एकच खोटं!" मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मामा, तठी पानी तं नाही ना पडलं? कोनाचं बी? चूळ भरली असंन, हात धुतले असन?"

त्यावेळी सांगायला पाहिजे होतं. जीभ उचलली होती. पण जीभ उचलली तेव्हा मला चौक दिसला, मिशी दिसली. "थेंब नाही," मी म्हणालो. "भाचीशी खोटं बोलन का?"

तिने वहीत सातव्या रकान्यावर आडवी रेघ मारली. मी पाहिलं ते.

संक्रांत जवळ आली तेव्हा तिच्या सरांचा निरोप आला. एक डबी अशी उघड खोटी बोलत असेल तर बाकी अकरांवर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? गोळा कर, परत आण. कुंदाने तो निरोप मामीला चुलीपाशी सांगितला. मी ओसरीत होतो. आतून भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला, एवढंच मला ऐकू आलं.

आज तिच्या डब्या कुठे कुठे आहेत ते मोजता येत नाही. एका मोठ्या पुलाच्या पोटात आहेत, ट्रक गेला की पूल किती लवला ते सांगतात. कोळशाच्या खाणीत आहेत, हवा नासली की माणसाच्या आधी त्यांना कळतं. एका डोंगराच्या उतारावर आहेत, दरड हलायच्या आधी ओरडतात. एकदा ती मला घेऊन गेली होती तिच्या संस्थेत, दूर. तिथे पडद्यावर तिने बर्फाचा पहाड दाखवला आणि म्हणाली, याच्याखाली चाळीस डब्या झोपल्या आहेत. सहा महिने वर माणूस जात नाही. मी विचारलं, एवढ्या थंडीत उठतात? तिने घड्याळाकडे पाहिलं, म्हणाली, थांबा. आम्ही थांबलो. आणि त्या पांढऱ्या पडद्यावर एकेक टिंब पेटत गेलं, खालून वर, जसं गावात पहाटे एकेका घरात चूल पेटते. मी हात जोडले. शेजारी उभ्या असलेल्या शिकलेल्या पोरांना हसू आलं असेल, येवो. देवळातही माझे हात इतक्या लवकर जोडले जात नाहीत. कोणी बघायला नाही, कोणी हाक मारायला नाही, आणि तरी वेळ झाली की उठायचं, खरं तेवढं सांगायचं, शेजारणीचा निरोप पुढे द्यायचा आणि निजायचं. सत्तरी ओलांडली माझी. माणसांत असं वागणारे मी हाताच्या बोटांवर मोजले आहेत, आणि त्या हंगामात मी त्यांच्यात नव्हतो.

सरांच्या निरोपानंतरच्या रविवारी ती डब्या उपटायला आली. पहिलीपासून सुरुवात केली. काठी हलवायची, दात मातीतून सोडवायचे, फडक्याने पुसायचे, पोत्यात ठेवायचे. रडत नव्हती. लग्नघरातली भांडी आवरावीत तशी आवरत होती. मी बांधावर बसलो होतो. आमची ही कमरेवर हात ठेवून माझ्यामागे उभी राहिली.

"सांगता, का मी सांगू?"

 कुंदाने पाचवी काढली.

"मिशी पाह्यजे का भाची पाह्यजे, एकदाचं ठरवून घ्या," ही म्हणाली.

कुंदाने सहावी काढली आणि बांधाकडे वळली. मी उठलो. 

"कुंदे, थे नको काढू. थे खरी हाय."

तिला कळलं नाही. काठीवर हात ठेवून ती उभी राहिली.

"हे झाड लहान हाय. नांगा भरला व्हता मी. सोसंना त्याले. मी पानी देतलं."

मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, मी ऐकून घेईन. पण तिचा प्रश्न दुसराच होता. "किती?"

"काय किती?"

"पानी, मामा! किती? कधी?"

"एक बकेट. सकाळी, तोंड धुवाच्या आंधी. रविवार सोडून."

तिने पोतं तिथेच टाकलं आणि मोटारघराकडे धावली. वही घेऊन परत आली, मातीत मांडी घातली, रेघ मारलेला रकाना उघडला. बोट फिरवत गेली. "कोन्या दिशी सुरू केलं?" मी सांगितलं, भोगीच्या आधी तीन आठवडे, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. बोट थांबलं. "मधात दोन दिवस नाही दिलं का?" मला आठवेना. मागून ही म्हणाली, "ताप व्हता त्यायले दोन दिवस." कुंदाने मान वर केली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"मातीनं बी सांगतलं, पानानं बी सांगतलं. दोघी खऱ्या व्हत्या, मामा. पान भरलं का वाळलं हे नुसत्या आवाजावरून समजते, झाडाले हात न लावता! हेच पाह्यजे व्हतं मले."

"तुले शंका नाही आली?"

ती वही मिटत म्हणाली, "आल्ती. पन तुमी नाही म्हनलं ना."

तिने यंत्राला खोटं ठरवलं होतं, माझ्या शब्दासाठी. एवढा मोठा मान मला आयुष्यात कोणी दिला नाही, आणि तो मी कशावर घालवला होता हे त्या ढेकळांत उभं राहून मला कळलं. मी वाकलो. या वेळी ती मागे सरकली नाही. म्हणाली, "पाया नका पडू. डब्या रोवाले लागा."

पुढे तिच्या पीएचडीचं जाड पुस्तक बांधून आलं तेव्हा ती ते सगळ्यांत आधी आमच्याकडे घेऊन आली. आत एका पानावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ होती. सहा दाते, एक फट, सहा दाते, एक फट. माझं बोट धरून तिने त्या रेघेवर ठेवलं, म्हणाली, "हे तुमी." हिने वाकून पाहिलं. "बरं झालं," म्हणाली, "कोनीतरी यायले लेखी पकडलं." बहर त्या साली कसा आला ते रहीमभाईंना विचारायला आता ते नाहीत. मला आठवतं ते एवढंच, की त्यांनी बांधावर उभं राहून बराच वेळ नुसता वास घेतला होता आणि भाव करायचं विसरले होते.

पण ते सगळं नंतरचं. त्या रविवारी ती मुक्कामाला राहिली. सोमवारी सकाळी तिने मला बादली दिली. म्हणाली, सरांना नुसतं सांगून चालणार नाही. मी मोटारघरात बसते, तुम्ही रोजच्यासारखं ओता. मी पाहणार नाही, फक्त ऐकणार.

थंडी होती. मी विहिरीवरून बादली भरली आणि ओळीओळीतून बांधाकडे निघालो. रोज चोरून जाणारा माणूस मी, त्या दिवशी उजळ माथ्याने जात होतो तर पाय नीट पडेनात, बादली हिंदकळत होती. तीनशे झाडं दोन्ही अंगांनी वाजत होती. सातव्या डबीपाशी पोचलो, बादली आळ्यात रिकामी केली. माती आधी थोडी गप्प राहिली, मग तिने तो बारीक सुस्कारा सोडला जो तहानलेली जमीन पाणी पिताना सोडते. पाणी खाली गेलं. वर काही उरलं नाही.

मी उभा राहिलो. डबी झोपलेली होती. तिच्या उठण्याची वेळ मला माहीत नव्हती. मोटारघर झाडांआड होतं, दिसत नव्हतं. पाखरू बोललं आणि थांबलं. माझ्या पायाखाली, हातभर खोल, एका बादलीची बातमी दोन पोलादी दातांपाशी पोचत होती. मग कधीतरी, काहीच झालं नाही असं वाटत असताना, ती एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे निघाली असणार. सहावी, पाचवी, चौथी. मी तिच्या वाटेकडे पाहत होतो आणि तिथे नुसती थंड हवा होती.

झाडांपलीकडून कुंदाची हाक आली.

"मामा! पोचलं!"

 मी ओरडलो, "पुरं पोचलं का?"

 मग पुन्हा तिचा आवाज, हसरा, सगळ्या बागेवरून.

"नाही! रोजच्यापेक्षा कमी हाय आज!"

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय घोट्यापर्यंत ओले होते.